सांगितलेली चूक

विमानतळावर प्रवाशाला 'सुरक्षा' हा शब्द भेटतो तो पट्टा आणि पाकीट ट्रेमध्ये ठेवताना. त्यामुळे विमानतळाची सुरक्षा म्हणजे बंदूकधारी जवान, एक्स-रे यंत्र आणि पिशवीत सापडलेली कात्री, अशी समजूत होते. ते काम महत्त्वाचं आहेच, पण ते घातपात रोखण्याचं काम आहे. कुणाच्याही मनात वाईट हेतू नसताना, प्रत्येक जण आपापलं काम करत असताना विमानाला किंवा माणसाला इजा होऊ नये म्हणून जे करावं लागतं ते वेगळं, आणि ते काचेच्या पलीकडे चालतं. मी त्याला सुरक्षितता म्हणेन. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं त्या काचेच्या पलीकडे, ॲप्रनवर गेली. म्हणजे विमानं जिथे उभी राहतात, रिकामी होतात आणि पुन्हा भरली जातात, त्या काँक्रीटच्या पटांगणावर. तिथे राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. विमानतळ किती सुरक्षित आहे, हे मला तिथल्या यंत्रांवरून ठरवता येत नाही. तिथला सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस आपली चूक त्याच दिवशी, आपणहून, पोटाची काळजी न करता सांगू शकतो का, यावरून मी ते ठरवतो.

देशांतर्गत फेरीचं विमान बेवर, म्हणजे उभं राहण्याच्या नेमलेल्या जागेवर, आलं की पुन्हा निघायला त्याला अर्धा-पाऊण तास मिळतो. चाकांना चॉक्स लागतात, पंखांपाशी आणि शेपटीपाशी कोन ठेवले जातात आणि मग चहूबाजूंनी गाड्या येतात. इंधनाची गाडी, बेल्ट लोडर, सामानाच्या डॉली ओढणारा ट्रॅक्टर, पिण्याच्या पाण्याची गाडी, टॉयलेट कार्ट, कॅटरिंगचा हाय-लिफ्ट, प्रवाशांचा कोच, शिडी आणि शेवटी नाकापाशी विमान मागे ढकलणारा पुशबॅकचा टग. यांतल्या कुणाचा पगार विमान कंपनी देते, कुणाचा ग्राउंड हँडलिंग कंपनी, कुणाचा तेल कंपनी, तर कुणाचा कंत्राटदाराने नेमलेला दुसराच कंत्राटदार. कानाला मफ असल्याने बोलणं बहुतेक हातवाऱ्यांवर चालतं. पावसाळ्यात काँक्रीटवर पाणी साचतं, रेनकोटच्या टोपीमुळे बाजूचं दिसत नाही, आणि रात्री ओल्या जमिनीवर दिव्यांचं प्रतिबिंब आणि जमिनीवरच्या रेषा एकमेकींत मिसळतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि दिवसाची नऊशेहून अधिक विमानं जवळजवळ एकाच पट्टीवर चढवावी-उतरवावी लागतात. १६ डिसेंबर २०१५ रोजी याच विमानतळावर पुशबॅकच्या वेळी एक तंत्रज्ञ सुरू झालेल्या इंजिनात ओढला गेला आणि मरण पावला. त्या तंत्रज्ञाचा जीव एका इशाऱ्यावर अवलंबून होता, आणि तसे इशारे ॲप्रनवर दिवसभरात हजारो वेळा दिले-घेतले जातात. इथे चुका होणारच. त्या झाल्यावर पुढे काय होतं, हा खरा प्रश्न.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा अमेरिकेतल्या सिॲटलचा आहे. २६ डिसेंबर २००५ रोजी अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८० जातीचं विमान एकशे चाळीस प्रवासी घेऊन सिॲटलहून बरबँककडे निघालं. सुमारे २६ हजार फुटांवर असताना मोठा आवाज झाला, केबिनमधला हवेचा दाब गेला आणि ऑक्सिजनचे मुखवटे खाली आले. वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणलं आणि सिॲटललाच परत उतरवलं. कुणाचा जीव गेला नाही. विमानाच्या पत्र्याला साधारण तीस सेंटीमीटर लांब आणि पंधरा सेंटीमीटर रुंद भोक पडलं होतं. निघण्यापूर्वी रॅम्पवरच्या, म्हणजे ॲप्रनवरच्या, एका कामगाराच्या टगचा विमानाला धक्का लागला होता. पत्र्याला घडी पडली, आणि वर जाताना आतला दाब वाढला तशी ती फाटली. कामगाराला धक्का लागल्याचं माहीत होतं. त्याने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. पुढे चौकशीत कबूल केलं. त्याच वर्षी काही महिने आधी कंपनीने तिथली सामान चढवण्या-उतरवण्याची आपली माणसं कमी करून ते काम कंत्राटदाराकडे दिलं होतं.

या घटनेवर पहिली प्रतिक्रिया येते ती त्या माणसाला धरा, अशी. ती स्वाभाविक आहे. पण मला त्याच्या जागी उभं राहून हिशेब करावासा वाटतो. सांगितलं तर विमान थांबणार, इंजिनिअर येणार, उड्डाणाला उशीर होणार, आणि त्या उशिराचा धनी आपण ठरणार. नाही सांगितलं तर बहुधा काहीच होणार नाही, कारण असे बहुतेक धक्के खरोखरच निरुपद्रवी असतात. आपल्या ॲप्रनवरही हिशेब हाच आहे. विमान उशिरा सुटलं की त्या उशिराला कोड लावला जातो. जगभरच्या विमान कंपन्यांत ही पद्धत आहे, आणि त्या कोडवरून उशीर कोणत्या खात्याच्या माथी जातो ते ठरतं. सकाळच्या बैठकीत त्या मिनिटांचा हिशेब घेतला जातो. थोडक्यात टळलेल्या अपघाताला मात्र असा कोड नाही. कोन न ठेवता मागे घेतलेला ट्रॅक्टर, पंखापासून हातभर अंतरावर थांबलेला हाय-लिफ्ट, चॉक्स नीट बसण्याआधीच पुढे सरसावलेला लोडर, यांची नोंद कुणी केली तर होते, नाहीतर ती घटना घडलीच नव्हती. ज्या संस्थेत मिनिटं मोजली जातात आणि धोके मोजले जात नाहीत, तिथला कामगार काय शिकतो, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. त्यातून तो कंत्राटी असेल तर त्याचा एअरसाइडवर येण्याचा पास हीच त्याची भाकर असते. पास गेला की नोकरी गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. ॲप्रनवर ती मूठ शेकडो माणसांना घेऊन आकाशात जाते.

आणि हा धोका दिवसेंदिवस वाढतो आहे, याचं कारण विमानाच्या अंगातच आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा निदान खोटं बोलत नाही. त्याला धक्का लागला तर पोचा दिसतो, आणि विमानाभोवती फेरी मारणाऱ्या वैमानिकाच्या किंवा इंजिनिअरच्या नजरेत तो येऊ शकतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांच्या वजनाचा निम्म्याच्या आसपासचा भाग मात्र कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा आहे. बोथट वस्तूचा, उदाहरणार्थ रबर लावलेल्या बंपरचा, धक्का लागला तर बाहेरून रंगसुद्धा न उडता आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात. ते शोधायला विशेष तपासणी लागते, आणि कुठे तपासायचं हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. ती जागा ठाऊक असलेला माणूस त्या क्षणी जगात एकच असतो. त्याने तोंड उघडलं नाही तर बाकीची कोट्यवधींची यंत्रणा आंधळी आहे.

माणसं तोंड का उघडतात, याचाही पुरावा आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूएचं बोइंग ७२७ डोंगराला धडकलं आणि विमानातले सर्व ९२ जण मरण पावले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता आणि नियंत्रकांनी दुसरा. चौकशीत असं पुढे आलं की सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं विमान याच ठिकाणी, याच गैरसमजातून त्याच डोंगराला लागता लागता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, आणि ती माहिती त्या कंपनीच्या भिंतीपलीकडे गेली नाही. अपघातानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने अशा घटना स्वेच्छेने कळवण्याची योजना काढली, पण दंड करणाऱ्यालाच चूक कशी सांगायची, म्हणून लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा १९७६ मध्ये हे काम नासाकडे दिलं गेलं. अंतराळ संशोधन करणाऱ्या संस्थेला दंड करण्याचा अधिकार नव्हता, आणि तिची निवड त्याच गुणासाठी झाली. नासा आलेल्या अहवालातून नाव काढून टाकते, आणि हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत कळवणाऱ्याला शिक्षेतून सवलत मिळते. गुन्हे आणि प्रत्यक्ष अपघात या सवलतीच्या बाहेर आहेत. आजवर तिथे वीस लाखांच्या पुढे अहवाल आले आहेत. डेन्मार्कने २००१ मध्ये यासाठी कायदाच केला. तिथल्या हवाई वाहतूक नियंत्रण संस्थेकडे आधीच्या वर्षी पंधराच्या आसपास अहवाल आले होते. कायद्यानंतरच्या पहिल्या वर्षात ते नऊशेच्या पुढे गेले. डेन्मार्कचं आकाश एका वर्षात साठपट धोकादायक झालं नव्हतं. धोके आधीही तेवढेच होते, ते फक्त दिसायला लागले.

यावर मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला आक्षेप असा: हे डेन्मार्कमध्ये ठीक आहे, आपल्याकडे भीतीशिवाय शिस्त राहत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. दारू पिऊन टग चालवणारा, परवाना नसताना गाडी काढणारा, नियम माहीत असून रोज तोडणारा माणूस ॲप्रनवर राहता कामा नये, आणि त्याला काढण्यात कुचराई करणं हा इतरांवर अन्याय आहे. पण भीतीने काय मिळतं ते नीट पाहायला हवं. पर्यवेक्षक समोर असेपर्यंत भीतीने आज्ञापालन मिळतं. पहाटे तीन वाजता, लांबच्या बेवर, पावसात काय झालं याची माहिती भीतीने मिळत नाही. डेन्मार्कच्या कायद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तर इकडे कुणी सांगतच नाही: तिथे कळवणाऱ्याला संरक्षण आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. शिक्षा तिथेही आहे, फक्त ती चुकीवरून उचलून लपवण्यावर ठेवली आहे. सिॲटलच्या कामगाराला धक्क्यासाठी माफ करून मौनासाठी जबाबदार धरणं, हे मला न्याय्य वाटतं. मात्र त्याला आधी हे ठाऊक हवं होतं की बोललो तर वाचेन.

आपण उलट करतो. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या विमान अपघातानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, दिल्ली आणि मुंबईसह मोठ्या विमानतळांची पाहणी केली आणि निष्कर्ष जाहीर केले. एका धावपट्टीची मधली रेषा पुसट झाली होती. आजूबाजूला नवी बांधकामं उभी राहिली असताना अडथळ्यांची माहिती तीन वर्षं अद्ययावत केलेली नव्हती. कळवलेले दोष पुन्हा पुन्हा उद्भवत होते. रॅम्पवरच्या अनेक गाड्यांना वेगमर्यादा यंत्र नव्हतं, म्हणून त्या गाड्यांचे परवाने काढून घेण्यात आले आणि चालकांचे एअरसाइड परवाने निलंबित झाले. हे जाहीर केलं हे चांगलं झालं, आणि गाड्या हटवणं योग्यच होतं. पण गाडीला वेगमर्यादा यंत्र चालक बसवत नाही. ते बसवण्याचं काम गाडीच्या मालकाचं, आणि ते बसलं आहे की नाही हे पाहूनच गाडीला परवाना देण्याचं काम परवाना देणाऱ्याचं. आता दुसऱ्या एखाद्या चालकाला आपल्या गाडीचं ते यंत्र बंद पडल्याचं लक्षात आलं, तर तो सांगेल, की चावी फिरवून निघून जाईल? तसंच ८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान धावपट्टीवरून उड्डाण करत असतानाच त्याच्या मागे दुसरं विमान त्याच पट्टीवर उतरलं. कुणाला इजा झाली नाही. त्या वेळच्या नियंत्रकाला ड्यूटीवरून उतरवल्याची बातमी घटनेच्या बातमीबरोबरच आली. अशा प्रसंगानंतर नियंत्रकाला काही काळ विश्रांती देणं त्याच्याही हिताचं असतं, चौकशीचीही ती गरज असते. पण आधी माणूस उतरवल्याचं आणि नंतर कधीतरी कारणांचं ऐकू येतं, तेव्हा टॉवरमधल्या बाकीच्यांना जो संदेश मिळायचा तो मिळतो. एका पट्टीवर इतकी विमानं बसवण्याचं वेळापत्रक त्या नियंत्रकाने आखलेलं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो मृतांच्या नातेवाइकांचा आहे. आमची माणसं गेली, आणि तुम्ही दोष कुणाचाच नाही म्हणता? तसं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. अपघात चौकशीबाबतचा आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असावा, दोष वाटून देणं हा नसावा. न्यायालयाचं काम त्याने थांबत नाही. पण दोष शोधायचा तर पूर्ण शोधावा. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं, १५८ जण मरण पावले, आठ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीत कॅप्टनने चुकीचं, अस्थिर उतरणं चालू ठेवल्याचं निष्पन्न झालं, आणि बहुतेकांच्या आठवणीत तेवढंच राहिलं. त्याच चौकशीने दाखवलं की सहवैमानिकाने पुन्हा वर चला असं तीनदा सांगितलं होतं, आणि धावपट्टीच्या पुढे उपकरणाची अँटेना धक्क्याने मोडून पडेल अशा आधाराऐवजी काँक्रीटच्या बांधकामावर उभी होती, त्याला विमानाचा पंख आदळला. काँक्रीट कॅप्टनने ओतलेलं नव्हतं. एकाच माणसाच्या नावावर सगळा दोष लिहिला की काँक्रीट जागच्या जागी राहतं. मृतांना न्याय मिळाला असं मला त्याने वाटत नाही.

मंगळुरूच्या त्या तीन हाकांकडे मी परत येतो, कारण त्यातच सुरक्षिततेच्या संस्कृतीचं मर्म आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मेले. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात. तिथेही त्यांतल्या केएलएम कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान पट्टीवरून बाजूला झालं का, अशी शंका काढली होती. कंपनीच्या सर्वांत ज्येष्ठ कॅप्टनांपैकी एक असलेल्या माणसाने ती उडवून लावली, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर कॉकपिटमधल्या कनिष्ठाला बोलायला आणि ज्येष्ठाला ऐकायला शिकवण्याचं प्रशिक्षण जगभर सुरू झालं. ॲप्रनवर मात्र ते फार थोडं उतरलं. आपल्याकडे लहान तोंडी मोठा घास घेऊ नये हे बालपणापासून शिकवलं जातं, आणि लोडरने ड्यूटी मॅनेजरला "साहेब, थांबा" म्हणणं म्हणजे तोच घास. सुरक्षिततेचे फलक सगळीकडे लागलेले असतात. पण 'साहेब, थांबा' म्हटल्यावर विमान थांबलं आणि धोका नव्हता असं निघालं, तर त्या लोडरला साहेब काय म्हणतो, तेवढं पाहिलं की फलकाचा खरेखोटेपणा कळतो. माझा अनुभव असा की खोट्या ठरलेल्या इशाऱ्याबद्दल एकदा आभार मानले गेले, तर पुढचा खरा इशारा वेळेवर येतो. एकदा हशा झाला, तर बराच काळ शांतता.

हे सगळं नियमांत आधीच आहे, असंही सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. सुरक्षितता व्यवस्थापनाचा आंतरराष्ट्रीय नियम २०१३ पासून लागू आहे, प्रत्येक मोठ्या विमानतळाकडे त्याची जाडजूड पुस्तिका आहे, स्वेच्छेने कळवण्याचा फॉर्मही आहे. पण बऱ्याच ठिकाणी तो इंग्रजीत असतो, संगणकावर भरायचा असतो, आणि विमानाखाली वाकून सामान चढवणारा माणूस मराठीत, हिंदीत किंवा भोजपुरीत विचार करतो. शिवाय कळवल्यावर पुढे काय झालं ते त्याला कुणी सांगत नाही. बेवरचा दिवा बंद आहे असं तीनदा सांगूनही तो बंदच राहिला, तर चौथ्यांदा कोण सांगणार? कॅमेरे लावा, असा उपायही हल्ली सुचवला जातो. लावावेत, पण यंत्र बंद पडतं तेव्हाही माणूसच उरतो. २००१ मध्ये मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात ११८ जण मेले, तेव्हा जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार चालू नव्हतं. २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदाला तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर उभं असताना प्रवासी विमान त्यावर उतरलं, तेव्हा धावपट्टीच्या तोंडाशी थांबवणारे लाल दिवे दुरुस्तीसाठी बंद होते. हानेदाच्या प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण जळत्या विमानातून सुखरूप बाहेर आले ते केबिन कर्मचाऱ्यांच्या तयारीमुळे आणि प्रवाशांच्या शिस्तीमुळे. दुसऱ्या विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले.

२०२५ च्या अखेरीस नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं. तिथलं काँक्रीट नवं आहे, रेषा ठळक आहेत, गाड्या नव्या आहेत, आणि ॲप्रनवर काम करणाऱ्यांत रायगड-ठाण्याकडची अनेक तरुण मुलं असणार, ज्यांनी याआधी विमान जवळून पाहिलेलं नसेल. अशा ठिकाणी पहिल्या दोन वर्षांत जी सवय लागते ती पुढे मोडत नाही. माझी मागणी साधी आहे आणि ती नवी मुंबईपुरती नाही. पुणे, नागपूर, मोपा, सगळीकडची आहे. चूक सांगण्यासाठी एक फोन नंबर द्या. तो डीजीसीएचा नको, विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचाही नको, कंत्राटदाराचा तर नकोच. ज्याला कुणाचा पास काढून घेता येत नाही अशा संस्थेचा हवा. त्यावर मराठीत आणि हिंदीत, तोंडी सांगता यावं. सांगणाऱ्याचं नाव बाहेर जाऊ नये, आणि महिन्याच्या आत त्यावर काय केलं ते त्याच ॲप्रनच्या फलकावर लिहिलं जावं. आणि तुम्ही प्रवासी म्हणून बसलेलं विमान दार बंद झाल्यावर वीस मिनिटं हललं नाही, तर कृपया केबिनमधल्या मुलीवर आवाज चढवू नका. खाली कदाचित कुणीतरी नुकतंच सांगितलेलं असेल की माझा धक्का लागला.